उसने हात

सहाही मुख्याध्यापक सभागृहातल्या बाकांना टेकवून रांगेत उभे केले होते. ज्यांनी हयातभर पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यांच्यावर आता ही पाळी आली होती. शाळा नव्या इमारतीत चालली होती. तिथल्या भिंती काचेच्या, खिळा ठोकायची सोय नाही. म्हणून सध्याच्या मुख्याध्यापिकांनी चित्रकाराच्या घरी पत्र पाठवलं होतं: आपल्या वडिलांनी काढलेल्या सहा तैलचित्रांपैकी कुठलंही एक कुटुंबाने ठेवून घ्यावं, उरलेली पाच संग्रहालयाच्या कोठारात जातील. टेंपो शनिवारी चार वाजता येईल.

आज शनिवार होता आणि पावणेतीन वाजले होते.

"कुठलंही एक," दादा म्हणाला. "म्हणजे भावंडांत भांडण लावायची सोय बाईंनी पत्रातच करून ठेवली."

"सव्वा तास आहे," धाकटा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा, त्यामुळे भांडणालाही त्याला वेळ ठरवून लागे. "वीस मिनिटं बघायला, वीस बोलायला, उरलेली भांडायला."

दादाचं लक्ष नव्हतं. अण्णा गेले त्याला वर्ष झालं होतं, तेव्हापासून स्टुडिओ त्याच्याकडे होता आणि त्याच्या पुढच्या खोलीत त्याचं फ्रेमचं दुकान. सवयीने त्याने आधी लाकडं पाहिली, कोपरे चाचपले, एका सांध्यात नख घालून बघितलं. मग पहिल्या चित्रासमोर उकिडवा बसला. गुडघे वाजले ते सगळ्यांना ऐकू आले.

पहिले मुख्याध्यापक साठीचे. झुबकेदार मिशा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, कपाळावर तीन ठळक आठ्या. पण खुर्चीच्या हातांवर ठेवलेले पंजे कोवळे होते, बोटं लांबसडक, शिरेचं नाव नाही. ते दादाचे होते, पंधराव्या वर्षीचे.

अण्णांचा धंदाच तसा होता. मोठी माणसं चेहऱ्यासाठी दोन बैठका देत, फार तर तीन. हातांसाठी बसायला कुणाला सवड नसे. "चेहरा गिऱ्हाईक देतं, हात घरचे घालावे लागतात," असं अण्णा म्हणत आणि संध्याकाळी घरात जो रिकामा सापडेल त्याला स्टुलावर बसवत. अशा रीतीने शहरभरच्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, गिरणीमालकांच्या बाह्यांतून या घरचे हात बाहेर आले होते. एका न्यायाधीशाला तर दूधवाल्याचे हात मिळाले होते. चित्र बघून न्यायाधीश गहिवरले आणि म्हणाले, माझ्या वडिलांचे हात अगदी असेच होते. अण्णांनी नमस्कार करून पैसे घेतले.

"पंधरा वर्षांच्या पोराचे हात," दादा म्हणाला. "आणि एकाच्याही लक्षात येऊ नये."

"मुख्याध्यापकांच्या पण नाही?" धाकट्याच्या बायकोने विचारलं. तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि लोकांना काय दिसत नाही याचं तिला आता नवल उरलं नव्हतं.

"ते तर खूश झाले. म्हणाले, चेहरा ठीक आहे, पण हात मात्र हुबेहूब."

"माझा यात फक्त गुडघा आहे," धाकटा म्हणाला. "सहाव्यात. तोही एकच."

"तू हलायचास. अण्णा म्हणाले, याचा जो भाग स्थिर राहील तो घेऊ. तेवढाच राहिला."

दादाला पहिलं चित्र हवं होतं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावायचं, वरून दिवा सोडायचा, गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचं. दिवसभर खिळे आणि सरळपट्टी धरून त्याचे हात आता बोजड झाले होते, बोटं मिटताना दुखायची. आपले हात एके काळी असे होते हे कुणाला तरी दाखवावं असं त्याला वाटायचं. हे मात्र तो कुणापाशी बोलला नव्हता. घरी त्याने सांगितलं होतं की पहिल्याची फ्रेम सागवानी आहे.

दारातून ताईचा आवाज आला. ती पोहायला शिकवायची, आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा बेताने घरातही बोलायची.

"आम्ही आलो. आत्याला जिने सावकाश चढायचे होते म्हणून उशीर. कुठाय माझं?"

"तुझं म्हणजे?" दादा म्हणाला. "अजून ठरायचंय."

"त्यात काय ठरायचंय?" ताई सरळ चौथ्या चित्रापाशी गेली. तिच्या मागून आत्या आली, खांद्याला कापडी पिशवी, एका हाताने बाकांचा आधार घेत. ती कडेच्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

सहांपैकी चौथ्या तेवढ्या बाई होत्या. राखाडी केस, करारी जिवणी, आणि छातीशी दोन्ही हातांत धरलेलं एक जाडजूड पुस्तक. ते हात आईचे. हे घरात सर्वांना ठाऊक होतं. आई गेली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती, धाकटा सात, दादा सुतारकाम शिकायला परगावी. आईचा एकच फोटो होता, पासपोर्टचा, खांद्यापर्यंत. हात असे उरले होते ते इथेच.

"आईचे हात आहेत दादा," ताई म्हणाली. "त्यावर कसली मतं घेतोस?"

"तुझ्या घराच्या भिंतींना ओल आहे. दोन वर्षांत कॅनव्हास फुगेल. मी उगाच बोलत नाही, माझं कामच आहे ते."

"मधली भिंत कोरडी आहे. जेवणाच्या टेबलासमोरची. मी मोजून आलेय. बसलं की बरोब्बर डोळ्यांसमोर येईल. रोज."

"आणि पहिलं कोठारात सडू दे."

"स्टुडिओ तुझ्याकडे गेला तेव्हा मी एक शब्द तरी बोलले?"

"ते मी मागितलं नव्हतं. अण्णांनी ठरवलं."

"मी कुठे म्हणतेय मागितलंस म्हणून. मी म्हणतेय, मी बोलले नाही. आज बोलतेय."

धाकट्याने घड्याळ पाहिलं. भांडणाची वेळ पाच मिनिटं आधीच सुरू झाली होती.

रोज. आत्याने तो शब्द ऐकला आणि पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

इतकी वर्षं तिला या चित्राची भीती नव्हती. चित्र बारा फुटांवर टांगलेलं, वर काच, काचेवर खिडकीचा उजेड. खालून पाहणाऱ्याला दिसायचे ते नुसते हात, एका बाईचे. आणि ते हात आईचे नव्हते. ते आत्याचे होते.

ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती. बाजारातल्या एका बाइंडरकडे कामाला, पुस्तकं शिवायची, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठे चढवायचे. वहिनी हॉस्पिटलात, बरी होणार नाही हे कळलेलं. आणि अण्णांच्या चित्र टेकवायच्या घोडीवर चौथ्या बाई, चेहरा तयार, हातांच्या जागी दोन पिवळट डाग. तारीख तोंडावर आली होती. घरात मोठं असं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आत्या बसली. अकरा संध्याकाळ बसली. पुढच्या महिन्यात चित्र शाळेत लागलं, त्याच्या आधी वहिनी गेली.

ताई त्या दिवसांत जेवत नव्हती. घास तोंडात धरून ठेवायची आणि उठून थुंकून यायची. शाळेत परत गेली त्या पहिल्या दिवशी ती धावत घरी आली आणि दप्तर न काढता म्हणाली, आईचे हात शाळेत आहेत, अण्णा, तुम्ही काढलेत ना? अण्णांनी तोंड उघडलं होतं. आत्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. अण्णांनी तोंड मिटलं आणि मान हलवली. त्या रात्री पोरीने ताटातलं सगळं संपवलं आणि वर मागून घेतलं.

आता यात सांगायचं काय आणि कधी? उद्या सांगू म्हणता म्हणता पोरगी मॅट्रिक झाली, नोकरीला लागली, लग्नाच्या आदल्या दिवशी शिपायाकडून सभागृह उघडून घेऊन इथे उभी राहून गेली. बरोबर आत्याच होती. तिने रुमालही आत्याचाच घेतला होता.

पण बारा फुटांवरून पाहणं वेगळं आणि ताटासमोर रोज पाहणं वेगळं. हात कुणाचे ते ओळखायला तिला सहा महिने नाही लागायचे. अण्णांनी काही झाकलं नव्हतं, असेल तसंच काढायची त्यांना खोडच होती. चित्र कोठारात गेलं तर पोरीची आई शाबूत राहील, एवढाच हिशेब आत्याच्या डोक्यात होता. आणि तिला स्वतःला ते चित्र हवं होतं का? हवं होतं. एकोणऐंशी वर्षांत कुणी तिच्याकडे सलग अकरा दिवस निरखून पाहिलं होतं ते तेवढंच. पण हवं असणं निराळं.

"अण्णांची पद्धत," दादा म्हणाला. "हात वर करा. आणि या घरच्या सुनेलाही मत आहे."

"मी ताईंच्या बाजूने," धाकट्याची बायको लगेच म्हणाली.

"अगं, निदान नवऱ्याला विचार," धाकटा म्हणाला.

"तुमचं काय विचारायचं? तुम्ही दादांच्या मागे. लहानपणापासून."

"दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. ओल खरी आहे."

"घ्या."

"पहिलं हवं असणारे," दादा म्हणाला आणि आपला हात वर केला. धाकट्याने केला. दादाने आत्याकडे पाहिलंही नाही. आत्या ताईची, हे या घरातलं जुनं गणित होतं. त्याने हात खाली घेतला, दोन विरुद्ध तीन, हरलो म्हणून खिशातला रुमाल काढला. आणि रुमाल काढताना त्याला दिसलं की आत्याचा हात वर आहे.

"आत्या, आपण पहिल्याबद्दल बोलतोय," धाकटा म्हणाला.

"ऐकू येतं मला."

 ताई आत्याकडे बघत राहिली.

"तू?" ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती एरवी बोलत नसे.

"भिंतीला ओल आहे," आत्या म्हणाली.

"तुला कधीपासून भिंतीचं पडलं? तूच मला इथे घेऊन यायचीस. परीक्षेच्या आधी, तापातून उठले तेव्हा. तू बाहेर थांबायचीस आणि म्हणायचीस, जा, भेटून ये." ती आत्याच्या खुर्चीपाशी आली. "आत्या, तुला खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. खरं काय ते सांग, मी काही चुकले का?"

"तू काही चुकली नाहीस."

"मग?"

"पहिल्याची फ्रेम सागवानी आहे," आत्या म्हणाली.

दादाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो पहिल्या चित्राकडे गेला, परत आला. "तीन विरुद्ध दोन," तो म्हणाला, पण कुणाकडे न बघता. त्याला आपली फ्रेमची थाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं बरं वाटलं नव्हतं.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "हरले तर हरले. चारपर्यंत बघू तरी दे." आणि ती चौथ्या चित्रासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

धाकट्याची बायको हे सगळं बाजूला उभी राहून पाहत होती. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती, पण अजून काही गोष्टी तिला समोरच्या इमारतीतल्या खिडकीतून बघितल्यासारख्या दिसायच्या. ती आत्यांना ओळखायची. आत्यांनी कधी कुणाला ताईंच्या ताटातली भाकरीसुद्धा मोडू दिली नव्हती, आणि आज ताईंचं मन त्यांनीच मोडलं. त्याहून विचित्र म्हणजे, ताई खाली बसल्या तशा आत्या घाईने उठल्या.

"चल," आत्या म्हणाल्या, "बाहेर चहा मिळतो का बघू."

"तू घे. मला नकोय."

"बराच वेळ खाली बसू नकोस. फरशी गार आहे."

"आत्या, मी दिवसातले सहा तास पाण्यात असते."

ताई चित्राकडे बघत होत्या म्हणजे मान मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे. डोळे बारीक केलेले. धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. जवळचा चष्मा लागून चार वर्षं झाली होती, पण ताई तो पर्समध्येसुद्धा ठेवत नव्हत्या. शिट्टी आणि चष्मा एकाच गळ्यात शोभत नाही म्हणायच्या.

"ताई, काही दिसतंय का?"

"धुरकट. काच मळलीय बहुतेक."

"काच कालच काढली," दादा म्हणाला. "टेंपोसाठी."

धाकट्याच्या बायकोने पर्स उघडली. तिच्या पर्समध्ये तीन नंबरांचे चष्मे कायम असत, लग्नाकार्यात लोकांना मेनू वाचायला देण्यासाठी. "घ्या. दोनचा आहे. तुम्हाला बसेल."

"नको," आत्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चष्म्याने डोळे बिघडतात."

"आत्या, असं काही नसतं. माझं दुकान आहे."

"डोकं दुखतं मग."

"दुखू दे एक दिवस," ताई म्हणाल्या, आणि चष्मा लावला.

आत्या पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धाकट्याच्या बायकोला वाटलं की आपण काहीतरी करून बसलो. काय, ते तिला कळलं नाही.

ताईला पहिल्यांदा दिसल्या त्या ब्रशच्या रेघा. मग त्या रेघांचं कातडं झालं. तिला एकदम हसू आलं, आणि रडूही. इतकी वर्षं आपण खालून मान वर करून बघत होतो, आणि इथे तर बोटांची पेरंसुद्धा मोजता येतात.

ती पेरं मोजू लागली. करंगळीपासून. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर आडवे बारीक चरे होते, तीन-चार, एकावर एक. कागदाने कापतं तसे. अंगठ्याचं नख रुंद, मधोमध चपटं. नखाच्या कडेला तपकिरी काहीतरी सुकलेलं. बाकी सगळी नखं स्वच्छ.

आणि पुस्तक धरण्याची ती तऱ्हा. वाचणारा माणूस पुस्तक कडेला धरतो, नाहीतर खालून. या हातांनी पुस्तक असं धरलं होतं की अंगठा पाठीवर आडवा, सांधा चाचपत, पुठ्ठा नीट चिकटलाय की नाही ते बघत.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.  धाकट्याने सांगितलं की साडेतीन झाले. कुणी ऐकलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "तुझ्या पिशवीत काम आहे ना?"

"आहे थोडं."

"काय आहे?"

"एकाचा शब्दकोश आहे. पाठ सुटलीय."

ताई उठली. आत्याच्या मांडीवरची पिशवी उघडून तिने शब्दकोश काढला आणि आत्याच्या पुढे केला. "हे धर."

"कशाला?"

"धर फक्त."

आत्याने पुस्तक घेतलं. घेताना ती चित्राचा विचार करत नव्हती, भाचीच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि अंगठा त्याचा तो पाठीवर गेला, आडवा, सांध्यावर. साठ वर्षांची सवय. दादाने तो अंगठा पाहिला. मग चित्र पाहिलं. मग तो जवळच्या बाकावर बसला.

"हे हात आईचे नाहीत," ताई म्हणाली.

आत्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. "नाहीत."

"अण्णांना माहीत होतं?"

"त्यांनीच काढलेत."

"दादा, तुला?"

"आईशप्पथ नाही," दादा म्हणाला. "मी तेव्हा इथे नव्हतोच."

"त्रेचाळीस वर्षं," ताई म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांना जास्तच अवघड झालं. "मी इथे उभी राहून काय काय बोललेय याच्याशी. लग्न करू की नको हेसुद्धा विचारलंय. कुणाशी बोलत होते मी, आत्या?"

"तिच्याशीच."

"हात तुझे आणि बोलत होते तिच्याशी?"

"तू तिच्याशीच बोलत होतीस. मी मध्ये आले नाही एवढंच. तू जेवत नव्हतीस गं. त्या दिवशी जेवलीस. मग मला धीर झाला नाही, आणि नंतर तर इतकं जुनं झालं की सांगायला तोंड राहिलं नाही. आज तू म्हणालीस रोज बघणार, तेव्हा वाटलं, कोठारात गेलेलं बरं."

ताईला राग आला होता, खरा राग, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. अण्णा हाताशी नव्हते. आत्या होती, पण ती इतकी लहान होऊन बसली होती की तिच्यावर आवाज चढवणं शक्य नव्हतं.

"मग आईचे कुठे आहेत?" तिने विचारलं. "कुठल्या चित्रात? तिसऱ्यात? कुणा डॉक्टरच्या घरी? मी जाऊन मागून आणते."

"कुठेच नाहीत. वहिनी कधी बसलीच नाही. अण्णांनी हजारदा सांगून पाहिलं. दहा मिनिटं स्टुलावर टेकायचं तिला जमायचं नाही. म्हणायची, माझे हात मला लागतात, लोकांना वाटायला नाहीत."

धाकट्याला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात बुडवलं. मग त्याचे डोळे भरून आले. त्याला आई फारशी आठवतच नव्हती, आणि हे एक वाक्य तिचं होतं.

ताई परत फरशीवर बसली, या वेळी चित्राकडे पाठ करून. "म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली. "तिचं काहीच उरलं नाही."

आत्याने शब्दकोश पुन्हा हातात घेतला. शब्दकोशाच्या पाठीवरून तिचा अंगठा खालीवर फिरत होता.

"एक आहे," ती म्हणाली. "ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. मी पाचला कामावरून सुटायचे आणि आधी हॉस्पिटलात जायचे. मग घरी येऊन अण्णांसमोर बसायचे. बोटं सरसाने भरलेली असायची. पहिल्याच दिवशी वहिनीने पाहिलं. म्हणाली, वन्सं, असे हात मुख्याध्यापिकेला लावणार? द्या इकडे. आणि पडल्या पडल्या माझं एकेक बोट घेऊन नखाने तो सरस खरवडून काढायला लागली. तिच्यात उठून बसायचं त्राण नव्हतं. पण दहाही बोटं साफ करायची, तासभर लागायचा. करताना तुमचं विचारायची. तू काय खाल्लंस, धाकट्याचा दात पडला का, दादाचं पत्र आलं का. रोज. दहा दिवस."

"आणि अकराव्या दिवशी?" दादाने विचारलं.

"अकराव्या दिवशी नऊ झाली. उजवा अंगठा राहिला. दमली. म्हणाली, हा उद्या करते. मग तिला झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी..." आत्याने शब्दकोशाचा पुठ्ठा दाबून बसवला. "मी त्या अकराव्या संध्याकाळी हॉस्पिटलातून तशीच येऊन बसले होते. अण्णा म्हणाले, अंगठा पुसून ये. मी म्हटलं, नाही. असाच काढ."

ताईने मागे वळून पाहिलं. चष्मा अजून डोळ्यांवर होता. नऊ नखं स्वच्छ, आणि एका नखाच्या कडेला ती तपकिरी रेघ. अण्णांनी ती लपवली नव्हती, उलट त्यावर उजेडाचा एक ठिपका ठेवला होता. हे सगळं स्वच्छ तिने केलं, ताईच्या मनात आलं. एकेक करून, माझं नाव घेत. आणि हे एवढं तिचं करायचं राहिलं.

ती रडली. लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. धाकट्याची बायको तिच्याजवळ जाऊन बसली. दादा उठून खिडकीपाशी गेला आणि तिथे उभा राहून बराच वेळ पटांगण बघत राहिला. पटांगणात काहीच नव्हतं.

खाली टेंपोचा हॉर्न वाजला.

"पाच मिनिटं आधी आला," धाकटा म्हणाला. "हे मला आवडत नाही."

दोन माणसं चादरी आणि दोऱ्या घेऊन वर आली. त्यांतल्या एकाने सहा चित्रांवरून नजर फिरवली. "घरी न्यायचं कुठलं?"

"चौथं," दादा म्हणाला.

"दादा, मतं झाली होती," ताई नाक पुसत म्हणाली.

"आत्याचं मत मी बाद केलं. आणि माझंही." तो पहिल्या चित्रासमोर एकदा थांबला, त्या पंधरा वर्षांच्या हातांवर आपला जाड पंजा ठेवून पाहिला आणि काढून घेतला. "याची फ्रेम सागवानी नाहीच मुळी. साधं लाकूड आहे, पॉलिश मारलेलं. तुझ्या त्या भिंतीला आधी मी पाठीमागून फळी ठोकून देईन. उद्या सकाळीच येतो. आणि गुडघेसाहेबांनाही घेऊन येतो, पकडायला."

"गुडघा कोठारात चालला," धाकटा म्हणाला.

"तो हलायचा नाही, काळजी करू नकोस."

माणसं चित्रांवर चादरी टाकू लागली. एकेक मुख्याध्यापक झाकला गेला. दादा त्यांना कोपरे कसे धरायचे ते सांगत होता, आणि ती ऐकत नव्हती.

ताई आत्याच्या खुर्चीशी सरकून बसली. आत्याचे हात अजून शब्दकोशावर होते, डाग पडलेले, शिरा वर आलेल्या, सांधे सुजलेले. चित्रातले ते हेच. उजव्या अंगठ्याचं नख तसंच चपटं. सकाळी काम करून निघाली असणार, नखाच्या कडेला सरस सुकला होता.

ताईने तो अंगठा हातात घेतला. चष्मा नाकावर नीट केला आणि आपल्या नखाने हळूहळू खरवडायला सुरुवात केली.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "आता कुठे कुणाला द्यायचेत."

"हलू नकोस," ताई म्हणाली. "आज काय खाल्लंस ते सांग."